आजोबांची बंदूक आणि काकांची आयडिया

गेल्या एपिसोडला मागे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या येत होत्या म्हणून बऱ्याच जणांनी मेसेज केले. कॅम्प एकमधलं घर आहे, स्टुडिओ नाही. आज आईला आधीच सांगून ठेवलंय. तरी एखादी ट्रेन ऐकू आलीच, तर ती शहाडची. तिला मी काही करू शकत नाही.

आजचा विषय बंदूक. घाबरू नका, मी कोडच लिहितो, अजून काही सुरू केलेलं नाही.

माझे आजोबा कुडाळ तालुक्यातले. नोकरीसाठी इकडे शहाडला आले, कॅम्प एकमध्ये राहिले, रिटायर झाल्यावर परत गावी गेले. गावच्या घरात त्यांची एकनळी बंदूक होती. काडतुसाची, बारा बोअर. परवाना त्यांच्या नावावर, शेतीच्या संरक्षणासाठी. आजोबा गेले आणि काकांनी ती पोलीस ठाण्यात जमा केली. ते बरोबरच केलं. परवानाधारक गेला की घरात हत्यार ठेवता येत नाही, विनाविलंब ठाण्यात किंवा परवाना असलेल्या डीलरकडे जमा करायचं, असं शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं.

मग गणपतीला गावी गेलो, तेव्हा काकांनी आयडिया मांडली. जेवणं झाली होती, पडवीत बसलो होतो. काका म्हणाले, "नळी अजून कडक आसा. बंदूक सोडवून आणली काय मागसून बंद करून घेवया, झाली ठासणीची. काडतुसा कोणाक परवडतत?"

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी. ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरायची. दारू, मग बोळा, मग छर्रे, सगळं नळीच्या तोंडातून घालायचं आणि गजाने ठासायचं. मागे एक छोटी टोपी बसवतात, घोडा तिच्यावर आपटतो. काडतुसाच्या बंदुकीत हे सगळं फॅक्टरीतून एका नळकांड्यात भरून येतं आणि आपण ते मागून घालतो. सिंधुदुर्गात आजही ठासणीच्या बंदुका आहेत, रीतसर परवान्याच्या. रानडुक्कर आणि माकडं येतात, भात आणि नारळ जातो. हे गमतीचं नाही. एका रात्रीत डुकरांनी उपटलेलं शेत बघितलं असेल, तर काकांचा राग कळतो.

मला आधी वाटलं, आयडिया हुशार आहे. आपण नाही का नवीन व्हर्जन झेपत नाही म्हणून जुनं टाकतो. रोलबॅक. मग मी उल्हासनगरला परत आलो आणि वाचायला बसलो.

जगाने हा प्रवास उलट्या दिशेने केलाय. १८६६ मध्ये इंग्रजांनी स्नायडर नावाची पद्धत स्वीकारली. त्यांच्याकडे ठासणीच्या एन्फिल्ड रायफली ढिगाने पडून होत्या. त्यांच्या नळीचा मागचा तुकडा कापून तिथे बिजागरीचा ठोकळा बसवला आणि त्या काडतुसाच्या झाल्या. म्हणजे ठासणीवरून काडतुसावर. काकांना यायचं होतं ते काडतुसावरून ठासणीवर.

पण हा उलटा रस्ताही कोणीतरी मुद्दाम आखून ठेवलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा कायद्याने आखलेला असतो. १८९० चा ब्रुसेल्स करार घ्या. युरोपच्या सत्तांनी आफ्रिकेच्या मोठ्या पट्ट्यात नव्या बंदुका पाठवण्यावर बंदी घातली. चालणार होती ती फक्त चकमकीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक. का, तर समोरच्याकडे आपल्या बरोबरीचं हत्यार नको. मग बेल्जियममधलं लिएज शहर, जिथे जगातल्या उत्तम बंदुका बनायच्या, तिथले कारागीर कालबाह्य झालेल्या बंदुका नव्याने बनवत राहिले.

आपल्याकडेही तसंच. १८५७ नंतर हिंदी शिपायांना मुद्दाम गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या, नेम कमी लागावा म्हणून. १८७८ चा शस्त्र कायदा आला. मग स्वातंत्र्य मिळालं, १९५९ चा नवा कायदा आला. त्याचं कलम १३ वाचाल तर त्यात सरळ लिहिलंय की खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळेल. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचं समाधान झालं, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात डीफॉल्ट ठासणी. कोकणात ती टिकली याला परंपरा वगैरे कारणं आहेतच, पण मला विचाराल तर अर्धं श्रेय या ओळीला आहे.

मग काका चुकले कुठे? कायदा ठासणीला हो म्हणतो, नळी घरची आहे.

मी हा प्रश्न आमच्या शेजारच्या काकांना विचारला. ते अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीतून रिटायर झालेत, आयुष्य लेथवर गेलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "नळी म्हणजे पाइप नव्हे रे." आणि मग अर्धा तास.

बारा बोअर म्हणजे काय, तर नळीत बरोबर बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड होतं. नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. पण मागे, जिथे काडतूस बसतं, तिथे ती जास्त रुंद असते. बार उडतो तेव्हा काडतुसाचं आवरण फुगून त्या भिंतीला चिकटतं आणि मागचा रस्ता बंद करतं. गॅस पुढेच जातो. म्हणजे ते काडतूस नुसता डबा नाही, प्रत्येक बाराला नवं येणारं बूच आहे. ते काढून टाकलं, की सगळा दाब आपण मागे जे काही बसवलंय त्याच्यावर. आणि ते जे काही आहे, त्याच्या बरोबर मागे माणसाचा डोळा असतो. "जोड सुटला तर तो पुढे उडणार नाही," शेजारचे काका म्हणाले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

त्यात आजोबांच्या नळीचं वय. आतून किती गंजलीय, कोणी बघितलंय? म्हणून तर नळी विकण्याआधी मुद्दाम जास्त दाबाने उडवून बघायची आणि टिकली तर शिक्का मारायचा, अशी पद्धत आहे. लंडनच्या बंदूक कारागिरांची संस्था १६३७ ची, बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३ चं. शिक्का असतो तो त्या नळीला, त्या रचनेत. रचना बदलली की शिक्क्याला अर्थ राहत नाही. आपल्या भाषेत, प्रॉडक्शनवर बदल केला आणि टेस्ट जुनीच दाखवली.

अजून एक गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती. काडतुसाची बंदूक मोडून बघितली की कळतं, भरलेली आहे की रिकामी. ठासणीची तोंडाकडून बघून कळत नाही. १८६३ मध्ये अमेरिकेत गेटिसबर्गची लढाई झाली, तिथे मैदानावर सापडलेल्या हजारो बंदुकांपैकी कितीतरींमध्ये एकावर एक दोन बार ठासलेले होते. शिकलेले, कवायत केलेले सैनिक होते ते. आमचे काका रात्री दोन वाजता, अंधारात, डुकराच्या मागे.

आणि कायदा. कलम ५ मध्ये बंदूक बनवणं, विकणं, दुरुस्त करणं याच्याबरोबर तिच्यात असा बदल करणं हेही आहे. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे तो नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याची शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. मी फोनवर काकांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पोलिसांका काय कळतला?" मी म्हटलं, काका, परवान्यावर काडतुसाची बंदूक लिहिलीय. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं जमा करायला लावतात. तेव्हा टेबलावर ठासणीची ठेवणार? फोनवर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

मग ते जे बोलले ते मला लागलं. म्हणाले, "तू थय बसान कायदो सांगतस. डुकर हय येता."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रानडुक्कर मारायलासुद्धा वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते, बंदूक परवान्याची असली तरी. म्हणजे शेतकऱ्याने आधी बंदुकीची फाइल करायची, मग डुकराची. हे आपण इथे कॅम्पमध्ये बसून समजूतदारपणे बोलू शकतो, कारण आपलं भात दुकानातून येतं.

आता काय केलं ते सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना मिळायची सोय आहे. माझ्या नावावर करायचा तर मी राहतो ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, आणि इथे उल्हासनगरात मला कसलं पीक राखायचंय? म्हणून काकांच्या नावाने, तिकडे जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज केला. बाकीच्या वारसांची ना हरकत लागते, ती गोळा करायला बाबांनी तीन आत्यांना फोन केले. दोघींनी लगेच दिली. तिसरी म्हणाली, आधी जमिनीच्या वाटणीचं बोला. (हसतो.) तो एपिसोड वेगळा.

काडतुसं महाग आहेत हे काकांचं म्हणणं खरंच आहे. पहिल्या वर्षाची मी देतो म्हटलं. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. बंदूक अजून ठाण्यातच आहे, नळी आहे तशी. काकांनी बांधावर पत्र्याचे डबे टांगलेत, वाऱ्याने वाजतात. परवा व्हॉट्सअॅपवर त्याचा व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं, "दोन दिवस इले नाय. तिसऱ्या दिवशी इले."