चिखलातूनच चाला



आषाढ तोंडावर आला आहे. शनिवार-रविवारी पहाटेच्या कर्जत लोकलमध्ये आता पाठीवर पिशव्या घेतलेली मुलंमुली दिसू लागतील. त्यांतली बरीचशी कर्जतहून खांडसला जातील आणि तिथून भीमाशंकरचा घाट चढतील. काही पुण्याकडून मंचर-घोडेगावमार्गे गाडीनेच वर येतील आणि नागफणीकडे चालू लागतील. तुमच्यापैकी काही जण त्यांत असाल, काहींच्या घरची मुलं असतील. ज्योतिर्लिंग, भीमेचा उगम, देवराई हे सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यात मी शिरत नाही. मला मिळालेल्या या थोड्या मिनिटांत एकच गोष्ट सांगायची आहे. भीमाशंकरच्या अभयारण्यातल्या वाटेवर चिखल लागला, तर चिखलातूनच चाला.

हसू नका. मी अगदी मनापासून सांगतो आहे.

बघा काय होतं. वाट चांगली मळलेली असते. दोन माणसं खेटून जातील एवढी रुंद. मधेच खोलगट जागा येते, तिथे पाणी साचलेलं असतं. पहिला माणूस थबकतो. बूट नवे असतात. तो डावीकडच्या गवतावर पाय टाकून पलीकडे जातो. मागची वीस-पंचवीस माणसं त्याच्याच पावलावर पाऊल टाकतात. दुपारपर्यंत त्या गवताचाही चिखल होतो. मग दुपारचा गट आणखी डावीकडून जातो. आणि दोन-चार रविवारांनी तिथे बैलगाडी जाईल एवढा राडा झालेला असतो. ज्या चिखलाला आपण टाळतो, तो असा आपणच पसरवत नेतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं मोठं अभयारण्य, सव्वाशे चौरस किलोमीटरहून मोठं, पुणे, ठाणे, रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं, त्यात दोन हात गवत गेलं तर काय झालं? म्हणून मला मातीबद्दल बोलावं लागतं.

आपल्या घरी दूध तापवून ठेवतात. मंद आचेवर तापलं, न हलवता निवलं, की त्यावर साय धरते. सह्याद्रीच्या माथ्यावरची माती म्हणजे ही साय आहे, श्रोतेहो. खाली सगळा काळा कातळ, आणि त्यावर ही पातळशी साय. दुधावरची एका रात्रीत धरते. कातळावरची बोटभर साय धरायला शतकं जातात. आधी कातळ झिजतो, शेवाळ येतं, मग गवत, मग पाचोळा कुजतो, तेव्हा कुठे अंजनीचं बी रुजावं एवढी माती होते. सायीला एका जागी बोट लावलं की तेवढ्याच जागी भोक पडत नाही, ती सगळी सुरकुतते, कडेपासून सुटते. मातीचंही तसंच. गवताच्या मुळांनी तिला धरलेलं असतं. ती मुळं एका जागी तुटली, की आषाढातलं पाणी तिथून आत शिरतं आणि आजूबाजूची मातीही ओढून नेतं. आणि भीमाशंकरचा पाऊस कसा असतो ते पावसाळ्यात तिथे गेलेल्यांना सांगायला नको. भुरभुर येऊन जाणारा तो पाऊस नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ती आपल्या अंदाजाच्या उलट आहे. आपल्याला वाटतं, मी एकटा गवतावरून गेलो तर काय बिघडलं, शंभर जण गेले तर बिघडेल. पण माणसांच्या चालण्यानं जमिनीचं काय होतं याचा जगभर पुष्कळ अभ्यास झाला आहे आणि त्यातून दिसलेली गोष्ट अशी, की कोऱ्या जमिनीचं बरंचसं नुकसान पहिल्या थोड्या पावलांतच होऊन जातं. कोंब मोडतात, भुसभुशीत माती दाबली जाते, तिच्यातली हवेची आणि पाण्याची भोकं बुजतात. त्यानंतरच्या पावलांनी त्यात फारशी भर पडत नाही. म्हणजे मळलेल्या वाटेवर तुमच्या पावलाची किंमत जवळजवळ शून्य आहे, आणि वाटेच्या बाहेर तुमच्या पहिल्याच पावलाची किंमत सगळ्यांत जास्त आहे. म्हणून तर चिखल. मळलेल्या वाटेवरचा चिखल वरवरचा असतो, खाली मुरूम घट्ट बसलेला असतो. पाय घोट्यापर्यंत जाईल आणि टेकेल. काही होत नाही.

चिखलाचं सख्खं भावंड म्हणजे वळण. खांडसहून वर यायला दोन वाटा आहेत. शिडी घाटाची वाट सरळ कड्याला भिडते, पावसात तिच्या वाटेला जाऊ नये हेच बरं. दुसरी गणेश घाटाची, लांबची पण सोपी. अशा जुन्या घाटवाटा नागमोडी का जातात? चढ सुसह्य व्हावा म्हणून, हे खरंच. डोक्यावर मोळी घेतलेली बाई वळण तोडून सरळ उतरत नाही, तिच्या गुडघ्यांना वळणाची किंमत माहीत असते. पण वळणाचं दुसरं काम पाण्याशी आहे. आडव्या वाटेवर आलेलं पाणी फार धावू शकत नाही, ते कडेनं गवतात उतरून जातं. तुम्ही उतरताना एक वळण तोडलंत, वरच्या वाटेवरून थेट खालच्या वाटेवर घसरत आलात, की पाण्याला सरळ पन्हाळ मिळालं. पुढच्या पावसाळ्यात तिथे गुडघाभर घळ. मुळं उघडी पडतात, दगड सुटतात, घसारा होतो. मग त्या घळीतून चालवत नाही म्हणून लोक तिच्या कडेनं चालतात, आणि साय दुसऱ्या बाजूनं फाटायला लागते. एका वाटेच्या चार वाटा होतात त्या अशा.

आणि त्या सायीत राहणारे जीव आहेत. खापरखवल्या नावाचा बिनविषारी साप सह्याद्रीच्या मातीतच आयुष्य काढतो, पावसाळ्यात तेवढा वर दिसतो. देवगांडूळ म्हणजे पाय नसलेला बेडकाचा नातलग, तोही मातीतलाच. ओल्या कुजक्या लाकडावर रात्री हिरवट उजेड देणारी बुरशी भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात दिसते. ती बघायला म्हणून गर्दी होते, आणि ती ज्या पाचोळ्यावर, ज्या लाकडांवर वाढते तेच पायाखाली जातं. याचं मला फार वाईट वाटतं.

पण शेकरूचं सांगतो, कारण हे अभयारण्य १९८५ साली झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी, आणि ते आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. शेकरू पाहिलं नसेल तर डोळ्यांपुढे आणा: शेपटीसकट हातभराहून बरंच लांब, पाठ तांबूस-तपकिरी, पोट पिवळसर पांढरं. ते क्वचितच जमिनीवर उतरतं. या झाडाच्या शेंड्यावरून त्या झाडाच्या शेंड्यावर, वीस-वीस फुटांची झेप घेत जातं. त्याची वाट वर आहे, फांद्यांची. तुम्ही विचाराल, मग आमच्या खालच्या चिखलाशी त्याचा काय संबंध?

संबंध असा. वरची फांद्यांची वाट टिकते ती खालच्या रोपांवर. आज वर जी अंजनी, जांभूळ, हिरडा उभा आहे, तो कधीतरी वादळात पडणार. त्याची जागा घ्यायला खाली दहा-वीस रोपं वाट बघत असतात, करंगळीएवढी. पायवाटेच्या कडेला उजेड थोडा जास्त येतो म्हणून तिथे ती जोमानंही धरतात. आणि नेमकी तीच रोपं आपण चिखल टाळताना तुडवतो. आज काही दिसत नाही. झाड वर उभंच असतं, शेकरूही दिसतं, आपण फोटो काढतो. पण पुढे ते झाड पडेल तेव्हा खाली कुणी वारस नसेल, आणि वाटेच्या वर आभाळाची फट पडेल. फट वीस फुटांहून मोठी झाली की शेकरूची वाट तुटली. त्याला जमिनीवर उतरून पलीकडे जावं लागेल, आणि जमिनीवर ते कुत्र्यांच्या तावडीत सापडू शकतं. 

मी पुन्हा सांगतो, कारण मधेच कुणी रेडिओ लावला असेल. वाटेवर चिखल असेल तर कडेनं जाऊ नका, मधून जा. वळण असेल तर वळणावरून जा. जिथे लोकांनी वळण तोडून सरळ उतार पाडला आहे, तिथे तो पाडलेला आहे म्हणून वापरू नका, त्याला बुजायला वेळ द्या.

गुरांचं काय, असं दर वेळी कुणीतरी विचारतं. गावातली गुरं सगळीकडे फिरतातच ना? फिरतात. पण गुरंसुद्धा ठरलेल्या ढोरवाटांनी जातात, आणि त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, हिरडा गोळा करून संसार चालवणाऱ्या महादेव कोळी माणसांचा तिथला हक्क आणि आपला रविवार यांची तुलना मला मान्य नाही. अभयारण्यात आपण परवानगीने जातो. ती परवानगी वाटेपुरती आहे असं समजून चालावं.

  

जे गट घेऊन जातात त्यांच्याशी दोन शब्द. सगळं पुढच्या माणसावर असतं. पुढचा जिथे पाय टाकतो तिथेच मागचे सगळे टाकतात. तेव्हा पहिल्या डबक्यात तुम्ही मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असा पाय घाला. मग मागच्यांना भाषण द्यावं लागत नाही. समोरून दुसरा गट आला तर कातळ बघून त्यावर थांबा, गवतात उतरून वाट देऊ नका. पन्नास जणांचा जथा नेऊ नका. 

राहिला बुटांचा प्रश्न, कारण सगळं अडतं ते बुटांपाशी. पावसाळ्यात नवे कोरे बूट घालूच नका. तळव्याची नक्षी शाबूत असलेले जुने बूट घाला. घरी आल्यावर चिखल वाळण्याआधी धुवा, आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, रात्रीतून एकदा बोळे बदला आणि सावलीत वाऱ्यावर ठेवा. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवलेत तर तळवा सुटतो. पुढच्या शनिवारपर्यंत ते कोरडे होतात.