चिंध्यांचे बस्कर : टाकाऊतून टिकाऊ

(उत्सवातील सायंकालीन कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



रूळ आणि स्लीपर सोडून हा माणूस चिंध्यांवर काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. पण आपण राहतो ते सांगानेर कापडाचेच गाव. इथल्या ठशांच्या छपाईला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. इथले कागजी लोक सुती कातरणीचा लगदा करून हातकागद बनवतात. कुमारप्पांच्या नावाची राष्ट्रीय हातकागद संस्थाही इथेच आहे. म्हणजे या गावात चिंधी हा कचरा नसून कच्चा माल आहे.

आपल्याकडेही तसेच होते. जुने कपडे बोहारणीला देऊन भांडे घ्यायचे आणि जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची. कोल्हापूर-सांगलीकडे तिलाच वाकळ म्हणतात. आता ब्लँकेटे आली आणि जुन्या साड्या बदलीच्या प्रत्येक गावी ट्रंकेतून आपल्याबरोबर फिरतात. टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत.

माझ्या आईने आयुष्यभर गोधड्या शिवल्या. मधुमेहाने नजर अधू झाली, धावदोरा सरळ जाईना, तेव्हा तिने सुईचा डबा बंद केला. हात रिकामे झाल्यावर तिचे बोलणेही कमी झाले. सुईशिवाय तिला काय करता येईल हे शोधताना मला ही पिळाची वीण सापडली.

ही वीण मागापेक्षा जुनी आहे. युरोपात चेक देशातील उत्खननात मातीच्या तुकड्यांवर हिचे ठसे मिळाले असून ते २५ हजार वर्षांहून जुने आहेत. जोधपूरजवळच्या सालावासची पंजा दरी हातमागावर विणतात. आपल्या कामाला माग लागत नाही. टोपलीच्या उभ्या काड्यांभोवती दोन कामट्या पीळ देत फिरवाव्यात, तसेच हे काम आहे.

कृती सांगतो. दोन फूट बाय दीड फूट लाकडी चौकट घ्या. वरच्या व खालच्या पट्टीवर एकेक इंचावर खिळे ठोका. त्यांतून मजबूत सुती पट्टी वर-खाली नेत उभा ताणा करा. साड्यांच्या दीड-दोन इंची लांब पट्ट्या फाडा; कापड जाड असेल तर इंचभर पुरे. नऊवारी उत्तम, कारण लांबी भरपूर आणि जोड कमी. जोडताना गाठ मारू नका. दोन्ही टोकांना छोटी चीर देऊन एकीतून दुसरी ओवा. आता दोन पट्ट्या घ्या, एक ताण्याच्या पुढून, एक मागून. प्रत्येक ताण्यानंतर अर्धा पीळ द्या, म्हणजे मागची पुढे येते.

नक्षी या पिळातच आहे. दोन पट्ट्या दोन रंगांच्या घ्या. वरच्या ओळीत जिथे लाल होता तिथेच खालीही लाल आला तर उभे पट्टे पडतात. उलट रंग आला तर बुद्धिबळाच्या पटासारखी घरे. मध्येच अर्ध्याऐवजी पूर्ण पीळ दिला की तोच रंग पुढे राहतो. एवढ्यावर चौकट, शंकरपाळे, स्वस्तिक सारे जमते.

एक काळजी घ्या. विणताना पट्टी ओढली जाते आणि बस्कर मधोमध आवळते. आमच्या भाषेत सांगायचे तर गेज राहत नाही. म्हणून दोन्ही कडांना लोखंडी सळई बांधा आणि कडेचा ताणा सळईसकट गुंफा. दोन्ही टोकांकडून विणत मध्यावर या. शेवटी सळया ओढून घ्या आणि बस्कर खिळ्यांवरून उतरवा. चारही बाजू बंद असल्याने झालरही नको, शिवणही नको.

बाजारात याहून स्वस्त पायपुसणी मिळते, मग आठ-दहा संध्याकाळी कशाला घालवायच्या, असे एका सहकाऱ्याने विचारले. पैशांचा हिशेब मांडला तर त्याचे म्हणणे खरे आहे. पण आई पट्टी बोटांनी चाचपून सांगते, ही बारशाची साडी, ही तुझ्या वडिलांचे धोतर. रंग मुलगी हाती देते, पीळ आई घालते. नातीला आजीच्या गावच्या गोष्टी आता या चौकटीपाशीच कळतात. शेजारच्या राजस्थानी काकीही दुपारी येऊन बसू लागल्या आहेत. त्यांच्याकडे गुदडी होती, आपल्याकडे गोधडी. भाषेची अडचण आली नाही.

शेवटी एक विनंती. विसर्जनानंतर मंडपाचे सुती कापड आणि झालरी फेकू नयेत. त्या धुऊन, फाडून पुढच्या वर्षीच्या अथर्वशीर्ष पठणासाठी बस्करे विणू. नायलॉन, पॉलिएस्टर मात्र वेगळे ठेवा. आरतीच्या दिव्याजवळ ते नको. चौकटी करून देण्याचे काम माझ्याकडे. ज्यांच्या घरी हात रिकामे असलेली आजी किंवा आजोबा आहेत, त्यांनी पहिली चौकट न्यावी.

गणपती बाप्पा मोरया!