कर्ज लपवलं की वाढतं
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या मैत्रिणींना बैठकीला येता आलं नाही, त्यांच्यासाठी.)



आज दशसूत्री सांगायला उभी राहिले नाही. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तुमच्यातल्या काही जणी मी शाळेत होते तेव्हापासून गट चालवतायत. आज आधी माझी एक चूक सांगते आणि मग हिशोब मांडते.

मागच्या वर्षी एका गटाच्या बैठकीत मी थकीत कर्जाची यादी मोठ्याने वाचली. एका ताईचे दोन हप्ते थकले होते. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. ती काही बोलली नाही, पदर सारखा करून बसून राहिली. पुढच्या बैठकीला ती आली नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. बचतीचे पैसे मुलीच्या हाती पाठवायची. मी डायरीत लिहिलं, "सदस्य अनियमित". समाजकार्याची पदवी घेतलेली मी, आणि एवढंच लिहून मोकळी झाले.

आपल्या सीआरपी ताई मला म्हणाल्या, "मॅडम, बाई बैठकीला यायची थांबते ना, तेव्हा तिचे पैसे नाही, तोंड अडकलेलं असतं. घरी जा."

मी गेले. ताई ओट्यावर भेंडी निवडत होती, सकाळच्या लोकलने कल्याणला न्यायची होती. मी पण निवडायला बसले. अर्धा तास आम्ही भेंडीवरच बोललो. मग तिने आत जाऊन कॅलेंडर आणलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला आम्ही लिहायला घेतलं. तिचं नाव सांगत नाही, पण हिशोब सांगायची परवानगी तिनेच दिली. म्हणाली, "सांग, पण आधी सांग की मी चोर नव्हते."

घरात पाच माणसं. मालक भिवंडीला गोदामात, महिन्याला १३,०००. भाजी विकून हिचे सरासरी ५,०००. लाडक्या बहिणीचे १,५००. एकूण १९,५००.

आता देणं. एका फायनान्स कंपनीचा हप्ता २,६००. दुसऱ्या कंपनीचा १,९००. मोबाइलचा १,५००. गटाचा ७००. आणि गावातल्या एकाकडून पाच टक्क्याने घेतलेले २०,०००, त्याचं नुसतं व्याज महिन्याला १,०००. हे २०,००० घरात कोणालाच माहीत नव्हते. नणंदेच्या हळदीला कमी पडत होते म्हणून तिने घेतले. मंडप, जेवण, डीजे, मानाच्या साड्या. आपल्या कल्याण-डोंबिवली-भिवंडीच्या गावांत हळद म्हणजे काय असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. लग्न एक दिवसाचं, हळदीचं देणं तीन वर्षांचं.

मी म्हटलं, "मालकांना सांगा." ती म्हणाली, "मारणार नाहीत ते. पण गप्प बसतील, ते मला सोसायचं नाही." आठ दिवस लागले तिला. सांगितलं तेव्हा मालक खरंच गप्प बसले. रात्री जेवण झाल्यावर म्हणाले, "मुकादमाकडून माझे पण ८,००० आहेत. पगारातून हजार कापतो तो." म्हणजे एका घरात दोघंही एकमेकांपासून कर्ज लपवत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की पैसे पुरत नाहीत ते आपल्याच चुकीमुळे.

सगळं धरून महिन्याला ८,७०० हप्ते आणि व्याजात जात होते. उरलेल्या १०,८०० मध्ये पाच माणसं, शाळा, औषध, लाइटबिल, रिचार्ज. आठवडाभर काम बंद पडलं की गाडी रुळावरून खाली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यातलं कुठलं कर्ज आधी फेडायचं? आपण काय करतो, जो दारात येऊन जास्त बोलतो त्याचं आधी देतो. कंपनीचा माणूस येतो म्हणून कंपनीचं. गट आपलाच, म्हणून गटाचं शेवटी. पण बघायचं ते व्याज, आवाज नाही.

"पाच टक्के" ऐकायला लहान वाटतं. पण ते महिन्याचे आहेत. वर्षाचे होतात साठ टक्के. २०,००० वर दहा महिन्यांत तिने १०,००० व्याज दिलं असतं, आणि मुद्दल? २०,००० तसंच उभं.

तेच २०,००० गटातून महिना दोन टक्क्याने घेतले, दहा हप्त्यांत फेडायचे ठरवले, तर? दर महिन्याला मुद्दलाचे २,०००. व्याज उरलेल्या मुद्दलावर. पहिल्या महिन्यात ४००, दुसऱ्यात ३६०, तिसऱ्यात ३२०, असं उतरत शेवटच्या महिन्यात ४०. सगळं मिळून व्याज २,२००. दहा महिन्यांनी कर्ज संपलं. आणि ते २,२०० गेले कुठे? गटाच्या पेटीत, म्हणजे आपल्याच.

गटाने बैठक घेतली. या वेळी मी नावं वाचली नाहीत, ताई स्वतः बोलली. आधी तिने दोन थकलेले हप्ते भरले, मग गटाने २०,००० मंजूर केले. पैसे तिच्या हातात न देता अध्यक्ष आणि सचिव तिच्यासोबत गेल्या. मुद्दल दिलं, सही करून दिलेला कोरा चेक परत घेतला आणि तिथेच फाडला. कोरा चेक, कोरा स्टॅम्पपेपर कधीही देऊ नका, आणि दिला असेल तर परत घेतल्याशिवाय "फिटलं" म्हणू नका.

पण एक खरी अडचण होती. सावकाराला ती १,००० द्यायची. गटाला पहिला हप्ता २,४००. म्हणजे महिन्याला १,४०० जास्त. ते आणायचे कुठून? इथे खूप जणी थांबतात. कॅलेंडरवर पुन्हा बसलो, या वेळी मालक पण बसले. भिशीचे ५०० दहा महिने बंद. मालकांचा बाहेरचा नाश्ता आणि तंबाखू मिळून १,२०० जात होते, ते त्यांनी स्वतःहून ८०० वर आणले. आणि किराणा रोज दहा-वीसच्या पुडीने उधारीवर यायचा, तो महिन्याचा एकदम रोखीने कल्याणहून आणायला लागले, त्यात ५०० वाचले. झाले १,४००. मुलांच्या दुधाला हात लावला नाही. बायांनो, काटकसर म्हटलं की आपण पहिल्यांदा स्वतःचं ताट कमी करतो. तसं करू नका, त्याचं बिल पुढे दवाखान्यात येतं.

आज सहा हप्ते गेलेत. मध्ये एक महिना मुलाच्या तापात चुकला, पण तिने गटाला आधी सांगितलं. मुद्दल ८,००० राहिलंय. मुकादमाचे अजून थोडे आहेत, कंपन्यांचे हप्ते चालू आहेत. सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. पण ती आज बैठकीला आली आहे.

आता तुम्हाला माहीत असाव्यात अशा काही गोष्टी.

फायनान्स कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेलं कर्ज त्यात येतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास चालत नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. तुम्हाला समजेल अशा भाषेतलं कर्जकार्ड मिळालंच पाहिजे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

सावकारीसाठी आपल्या राज्यात २०१४ चा कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्यांच्या विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्के आणि इतरांच्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्के एवढाच दर ठरवून दिला होता. वर्षाला, महिन्याला नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात होते. एकटीने जाऊ नका, ग्रामसंघातून जा.

आणि बँकेचं गटकर्ज. अभियानातल्या गटांना ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्के वार्षिक व्याजाने मिळतं. त्यासाठी खातं नियमित आणि इतिवृत्त, हिशोब नीट हवा. म्हणून मी रजिस्टरसाठी मागे लागते, मला हौस नाही.

हा विषय आपल्या भागाला नवा नाही. आपला जुना ठाणे जिल्हा डहाणू-तलासरीपर्यंत होता. तिथे वारली माणूस लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचा आणि त्या बदल्यात आयुष्यभर त्याच्याकडे राबायचा, बायकोसकट. त्याला "लग्नगडी" म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे काही वारली आले होते. त्याच वर्षी गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्यासोबत वारली उठले आणि लग्नगडी, वेठबिगारी मोडून काढली. १९७६ साली वेठबिगारी बंदीचा कायदाही आला. तरी आजही पावसाळ्यात उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं आपल्याच तालुक्यांत आहेत. लग्नाचं कर्ज तेव्हाही होतं, आताही आहे. तेव्हा सुटका झाली ती लोक एकत्र बसून बोलले म्हणून.

शेवटी घरी गेल्यावर करायचं काम.

एक, कॅलेंडरच्या मागे सगळं देणं लिहा. कोणाचं, किती, हप्ता किती, व्याज महिन्याचं की वर्षाचं. मालकांसमोर लिहा. सासूबाई घर चालवत असतील तर त्यांच्यासमोर.

दोन, जास्त व्याजाचं आधी फेडा. बाकीच्यांचे हप्ते चुकवायचे नाहीत, पण जादा पैसा आला तर तो तिकडे.

तीन, सणासाठी महिन्याला बाजूला काढा. जूनला शाळा ४,०००, गणपती ४,०००, दिवाळी ३,०००, लग्नांचे आहेर १,०००. झाले १२,०००, म्हणजे महिन्याला १,०००. एवढे जमत नसतील तर ३०० काढा. गणपती दरवर्षी येतो, तारीख आधी छापून येते, तरी दरवर्षी आपण अचानक आल्यासारखी उधारी करतो.

चार, एक हप्ता फेडायला दुसरं कर्ज काढायचं नाही. ताईने गटाचं कर्ज घेतलं ते व्याज कमी होत होतं म्हणून, आणि पुन्हा सावकाराकडे जायचं नाही हे घरात ठरवून. हा फरक लक्षात ठेवा.

पाच, हप्ता चुकणार असेल तर बैठकीच्या आधी सांगा. आणि जिचा चुकला तिच्याकडे वळून बघू नका. हे मी आधी स्वतःला सांगतेय.

मी आता थकीत यादी मोठ्याने वाचत नाही. आधी घरी जाते. चहा ठेवायची गरज नाही, फक्त कॅलेंडर काढून ठेवा.