अनुदानाचा हिशेब आणि कामाचा हिशेब



आम्ही कॉलेजची पायरी चढलेली नाही. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, मागणीपत्रे लिहिता लिहिता आणि मालकांचे ताळेबंद वाचता वाचता. तेव्हा 'लॉजिक मॉडेल' या भारदस्त नावाच्या विषयावर आम्ही बोलावे याचे कोणाला नवल वाटेल. पण विषय नावाइतका अवघड नाही.

अनुदानावर चालणाऱ्या कार्यक्रमाची ही एका पानाची मांडणी आहे. तिला पाच घरे. पहिले साधनांचे: पैसा, माणसे, जागा. दुसरे कृतीचे. तिसरे झालेल्या कामाचे: किती वर्ग घेतले, किती वस्तू दिल्या. चौथे परिणामाचे: लोकांच्या वागण्यात, मिळकतीत, प्रकृतीत काय फरक पडला. पाचवे समाजात टिकून राहणाऱ्या बदलाचे. ही घरे 'जर' आणि 'तर' यांनी जोडून वाचायची. अमेरिकी सरकारच्या परदेश-मदत खात्यासाठी १९६९ च्या सुमारास 'लॉजिकल फ्रेमवर्क' नावाचा असाच तक्ता तयार झाला. पुढे केलॉग फाउंडेशनच्या मार्गदर्शिकेने पाच घरांची ही मांडणी संस्थांच्या हाती दिली.

कामगाराला यातले मर्म चटकन कळते. करारावर सह्या झाल्या हे तिसरे घर. वाढलेला पगार कामगाराच्या हाती पडला हे चौथे. या दोहोंमध्ये अंमलबजावणी नावाची खिंड आहे, आणि पुष्कळ करार त्या खिंडीतच गारद होतात. अनुदानाच्या कार्यक्रमांचेही तसेच आहे. अहवालात तिसऱ्या घराचे आकडे झळकतात आणि चौथ्या घराबद्दल कोणी विचारीत नाही.

एक खरे उदाहरण घेऊ. ओडिशातील खेड्यांत एका संस्थेने धूर कमी करणाऱ्या, धुराडे असलेल्या मातीच्या चुली बांधून दिल्या. प्रयोगशाळेत ही चूल उत्तम ठरलेली होती. साखळी सरळ होती: चूल बांधली, तर धूर कमी, धूर कमी, तर खोकला कमी, सरपणही कमी. रेमा हॅना, एस्तेर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी हे काम चार वर्षे तपासले. चूल आधी कोणाला आणि मागाहून कोणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरविले होते. त्यामुळे चूल मिळालेल्या घरांची तुलना न मिळालेल्या घरांशी करता आली. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. दुसऱ्या वर्षापासून तो फरक उरला नाही. प्रकृतीत सुधारणा दिसली नाही. घरोघरी चुलीचा वापर अधूनमधूनच होई, तोही नीट होत नसे. निगा राहिली नाही, आणि वापर घटत गेला.

चुली बांधल्या गेल्या, म्हणजे तिसरे घर भरले होते. साखळी तुटली ती त्यापुढच्या कडीत. 'बाया ही चूल रोज वापरतील आणि धुराडे साफ ठेवतील' हे गृहीत धरले गेले होते. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, या मांडणीत घरांपेक्षा दोन घरांमधल्या बाणांना किंमत आहे. प्रत्येक बाणाखाली एक गृहीतक दडलेले असते. ते उघड लिहावे, आणि काम चालू असतानाच तपासावे. पैसा संपल्यावर केलेल्या तपासणीने फक्त अहवाल सजतो.

गृहीतक खरे की खोटे हे कोणाला ठाऊक असते? रोज चुलीपुढे बसणारीला. धुराडे काढायला वेळ कोणाला आहे, मोठे भांडे त्या चुलीवर बसते का, हे ती पहिल्या दिवशीच सांगू शकते. पण मांडणी होते शहरातल्या कचेरीत आणि तिची सही लागते ती चूल मिळाल्याच्या पावतीवर. कामगारांना न विचारता त्यांच्या वतीने केलेल्या कराराला आम्ही काय म्हणतो ते आपणांस ठाऊकच आहे!

हा प्रश्न आता लहान राहिलेला नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. ज्यांचा असा खर्च सरासरी १० कोटी रुपये वा अधिक आहे, त्यांना १ कोटी वा अधिक रुपयांच्या प्रकल्पांची परिणाम-तपासणी त्रयस्थाकडून करून घेणे २०२१ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. नियम चांगला आहे. पण हा हिशेब कंपनीच्या संचालक मंडळापुढे जातो. ज्या वस्तीसाठी पैसा खर्च झाला, तिच्या चावडीवर तो वाचला जावा असा आग्रह आपणच धरला पाहिजे.

आपल्यापैकी अनेकजण मंडळे, वाचनालये, वसतिगृहे चालविता. पुढच्या अर्जाच्या वेळी तो कागद आधी वस्तीत न्या. मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक बाणापाशी थांबून विचारा, "हे असे होईल का?" उत्तर 'नाही' आले तर रागावू नका, अनुदानाचे पैसे तिथेच वाचले असे समजा.