परागंदा लेखकाचे श्रोते



स्वदेशातून परागंदा झालेल्या लेखकासाठी आश्रय देणाऱ्या देशातील सुशिक्षित समाज सभागृहाची दारे उघडतो, त्याची नवी कृती ऐकतो, टाळ्या वाजवतो. या सौजन्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्यांच्यासाठी ती कृती लिहिली गेली ते लोक त्या सभागृहात नसतात. २८ मे २०२५ रोजी अमेरिकेत निधन पावलेले केनियाचे लेखक न्गूगी वा थिओंगो यांनी ही उणीव कधीच नजरेआड होऊ दिली नाही.

१९७७ साली लिमुरूजवळच्या कामिरिथू गावातील शेतमजुरांनी व कामगारांनी स्वतःच्या श्रमाने खुले रंगमंदिर उभारले आणि गिकुयू भाषेतील एक नाटक रंगभूमीवर आणले. संहितेवर गावकऱ्यांनी चर्चा केली, वृद्धांनी लेखकाची भाषा सुधारली. काही आठवड्यांतच सरकारने प्रयोगांचा परवाना रद्द केला आणि वर्षअखेर न्गूगी स्थानबद्ध झाले. खटला नाही, आरोपपत्र नाही. त्याच वर्षी ‘पेटल्स ऑफ ब्लड’ या इंग्रजी कादंबरीत त्यांनी याच सत्ताधाऱ्यांवर कठोर टीका केली होती. ती सरकारने पचवली. मजुराला समजणारे नाटक मात्र पचले नाही!

तुरुंगात शौचालयाच्या कागदावर त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली. १९८० मध्ये ती प्रसिद्ध झाल्यावर घराघरांत, कारखान्यातील जेवणाच्या सुट्टीत, एवढेच नव्हे तर दारूच्या गुत्त्यातही तिचे जाहीर वाचन होऊ लागले. वाचणारा ऐन रंगात आलेल्या प्रसंगी थांबे आणि कोणी त्याचा पेला पुन्हा भरला की पुढे वाचू लागे. आपल्याकडील पोथीवाचनाला असा मोबदला मिळाल्याचे ऐकिवात नाही. परंतु सामुदायिक श्रवणाचे नाते तेच आहे.

जून १९८२ मध्ये याच कादंबरीच्या इंग्रजी आवृत्तीच्या प्रकाशनासाठी न्गूगी लंडनला गेले. मायदेशी पाऊल ठेवताच अटक होणार, असा निरोप तेथे पोहोचला आणि परतीची वाट बंद झाली. कामिरिथूचे रंगमंदिर पोलिसांनी त्यापूर्वीच जमीनदोस्त केले होते.

आता प्रकाशक इंग्रजी, समीक्षक इंग्रजी, श्रोतेही इंग्रजी. अशा शहरात बसून न्गूगींनी पुढची कादंबरी ‘मातिगारी’ गिकुयूतच लिहिली. हा हट्ट अव्यवहार्य होता, असे कोणी म्हणेल. लंडनमध्ये ती वाचून दाखवावी तर समजणार किती जणांना? पण त्यांचा श्रोता हजारो मैलांवर होता. १९८६ मध्ये पुस्तक केनियात निघाले. तिचा नायक स्वातंत्र्ययुद्धातील लढवय्या. तो जंगलातून परत येतो आणि सत्य व न्याय कोठे सापडतील, असे जो भेटेल त्याला विचारत देशभर हिंडतो. १९८७च्या प्रारंभी गुप्तचरांच्या कानावर आले की, मातिगारी नावाचा कोणी इसम गावोगाव फिरून लोकांना चिथावीत आहे. त्याच्या अटकेचे हुकूम सुटले. इसम कादंबरीतील आहे असे उमगल्यावर पोलिसांनी दुकानांतील प्रती जप्त केल्या.

या प्रसंगाला हसून मोकळे होणे सोपे आहे. जप्तीनंतर मात्र ते पुस्तक केनियातील वाचकाला वर्षानुवर्षे दुर्मीळ झाले, आणि त्या काळात ते जगात जिवंत राहिले वांगुई वा गोरो यांच्या इंग्रजी अनुवादामुळे. ‘अंग्रेजी हटाओ’ची घोषणा देत आलेल्या लोहियावादी कार्यकर्त्यांनी हा तपशील टाळू नये. न्गूगींनी इंग्रजीला अनुवादाची भाषा म्हणून दार उघडे ठेवले. निर्मितीचा पहिला मान मात्र तिला दिला नाही.

बावीस वर्षांनी, ऑगस्ट २००४ मध्ये, ते केनियात परतले. विमानतळावर लोकांची गर्दी लोटली होती. त्याच मुक्कामात नैरोबीत त्यांच्यावर व त्यांच्या पत्नीवर सशस्त्र हल्ला झाला. जाताना ते इंग्रजी पुस्तकाच्या प्रकाशनासाठी गेले होते. येताना त्यांनी आणली होती ‘मुरोगी वा कागोगो’ ही गिकुयूतील नवी कादंबरी.