पळाटीपासून फळीपर्यंत

(लातूर येथे सरपंच, ग्रामसेवक व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)

तुराट्यांचा कूड आपल्या मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही? एकेकटी तुराटी हाताने मोडते. परंतु तुराट्या एकत्र बांधून त्यांवर शेणमातीचा लेप दिला की त्यांची भिंत उभी राहते. काडीने बळ द्यावे आणि लेपाने ते बांधून ठेवावे, हेच तत्त्व कारखान्यात तयार होणाऱ्या पार्टिकल बोर्डामागे आहे.

आरागिरणीतील भुशातही सेल्युलोज असते. पण त्याचे कण आखूड असल्याने नुसत्या भुशाची फळी वाकवली की लवकर तडकते. लांब व चिवट तंतूंची जोड मिळाली म्हणजे तिला बळकटी येते. असे तंतू नांदेड जिल्ह्यातील कापसाच्या पळाटीत आहेत. मुंबई येथे १९२४ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पळाटीपासून फळ्या बनविण्याची पद्धत विकसित केली आहे. पळाटीचे बारीक तुकडे करून ते वाळवावयाचे, त्यांवर कृत्रिम राळ फवारावयाची आणि तापलेल्या यंत्रात दाबावयाचे, अशी ही क्रिया आहे. जाडसर कण मधल्या थरात व बारीक कण दोन्ही बाजूंस घातले असता फळी गुळगुळीत होते.

यात शेतकऱ्याचे हित कोणते? वेचणीनंतर पळाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. २०१७ च्या हंगामात या अळीने राज्यातील कापूस उत्पादकांचे अतोनात नुकसान केले. बांधावर रचलेली पळाटी हे अळीचे आश्रयस्थान होय. जाळावी तर धूर होतो आणि कामाची वस्तू राख होते. म्हणून वेचणी संपताच गावातच तिचे तुकडे करणे श्रेयस्कर. अखंड पळाटी जागा फार अडविते आणि वाहतूक महाग पडते. तुकडे केल्यास एका फेरीत अधिक माल जातो. चार गावांनी मिळून एक यंत्र घेतले तर हे साधेल.

मात्र एक गोष्ट विसरू नये. आज हीच पळाटी अनेक भूमिहीन कुटुंबांच्या चुलीत जळते. ती विकली जाऊ लागली तर त्यांच्या सरपणाचे काय, याचा विचार ग्रामसभेने आधी करावा. यंत्रावरील काम प्रथम त्याच घरांना द्यावे.

शिक्षक बंधूंनाही एक विनंती आहे. शाळेसाठी कपाट वा बाक घेताना फळीवर भारतीय मानक ३०८७ ची खूण आहे काय, हे पाहावे. साधी फळी ओल लागल्यास फुगते. तिच्या कडा बंद कराव्यात व ती जमिनीपासून उंच ठेवावी.

कूड उभारणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी काडी कधी वाया घालविली नाही. तीच काटकसर आपण नव्या साधनांनी पुढे चालवू या.