फोर्लीचे छायाचित्र

(गोंदिया येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयुष्यभर मी अर्थशास्त्र शिकविले. छायाचित्रण हा माझा विषय नव्हे. निवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी कॅमेरा भेट दिला आणि त्यानंतर इटलीत बोलोन्या येथे मुलीकडे आठ महिने राहण्याचा योग आला, म्हणून हा छंद जडला. परतताना हजारभर छायाचित्रे माझ्यापाशी होती. शेजाऱ्यांनी ती कौतुकाने पाहिली. मनोरे, पूल, बर्फ ही सर्वांना आवडली. एका चित्रापाशी मात्र एकाने विचारले, "सर, या दगडावरच्या नावांचा फोटो कशाला काढला?" त्या प्रश्नाचे उत्तर आज येथे देणार आहे.

बोलोन्याच्या भर चौकात एक भिंत आहे. फॅसिस्टांनी याच जागी प्रतिकार चळवळीतील माणसांना उभे करून गोळ्या घातल्या. २१ एप्रिल १९४५ रोजी शहर मुक्त झाले आणि आप्तेष्टांनी घरातील छायाचित्रे आणून तेथे लावण्यास प्रारंभ केला. कोणत्याही सरकारचा हुकूम त्यामागे नव्हता. आज तेथे दोन हजारांहून अधिक चेहरे आहेत. बहुतेक छायाचित्रे लग्नातली किंवा ओळखपत्रावरची, साधी, घरगुती. मंडईत जाणाऱ्या बायका रोज त्या चेहऱ्यांसमोरून जातात.

तेथून आगगाडीने तासाभरावर फोर्ली आहे. हिंदी सैन्यातील ज्या शिपायांचे त्यांच्या धर्मानुसार दहन झाले, अशा सुमारे आठशे जणांचे स्मारक तेथे आहे. नावे वाचता वाचता 'मराठा लाइट इन्फन्ट्री' ही अक्षरे आली आणि मी थबकलो. त्या युद्धात इटलीच्या भूमीवर आपले ५,७८२ जवान पडले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे यांनी, तुकडीतील इतर सर्व जण मेले वा जखमी झाले असता, एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली. ठाणे पडले, तेही पडले. वय अवघे बावीस. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण कबर नाही. कासिनो येथील स्मारकावर केवळ नाव आहे. मोंतोने गावी त्यांचे स्मारक उभे राहिले ते २०२३ साली, म्हणजे एकोणऐंशी वर्षांनी.

बोलोन्यात चेहरे आहेत, फोर्लीत नुसती नावे. मग मनात आले, आमच्याकडे काय आहे?

आपल्यापुढची अडचण मी टाळणार नाही. ते युद्ध आमचे नव्हे, अशी आपल्या चळवळीची भूमिका होती. देशाला न विचारता त्याला युद्धात ओढले गेले होते. ऑगस्ट १९४२ मध्ये आपले लोक भूमिगत झाले, चिमूरला रक्त सांडले. त्यामुळे गोऱ्यांच्या पलटणीतला शिपाई आपल्या इतिहासात बसेना आणि आपण त्याच्याकडे पाठ फिरविली. माझ्या मते हा अन्याय झाला. कोकणातील वा देशावरील कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा भरती झाला तो बहुधा साम्राज्यप्रेमाने नव्हे. घरी येणारी मनीऑर्डर हे त्याचे तत्त्वज्ञान होते. चिमूरचा सत्याग्रही आणि टायबरकाठचा शिपाई एकाच दारिद्र्याची लेकरे होती. एकाला हुतात्मा म्हणताना दुसऱ्याला भाडोत्री म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि युद्ध केवळ इटलीत नव्हते. बिरसीची धावपट्टी आपण सर्वांनी पाहिली आहे; ती इंग्रजांनी १९४० साली बांधली. त्या खर्चाचा हिशेब मी वर्गात पुष्कळदा मांडला आहे. ब्रिटनने हिंदुस्थानातून माल आणि माणसे उचलली आणि त्याबदल्यात लंडनमध्ये जमा लिहिली. ती जमा युद्धाअखेर सुमारे १,७०० कोटी रुपये झाली. येथे तिच्या आधारावर नोटा छापल्या गेल्या. भाव चढले आणि मजुराची थाळी रिकामी झाली. १९४३ साली बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे दगावली. सुनील जाना यांनी कॅमेरा घेऊन त्या दुष्काळात पायपीट केली आणि कम्युनिस्ट पक्षाच्या साप्ताहिकाने ती छायाचित्रे छापली, म्हणून निदान काही चेहरे उरले. (मतभेद असले तरी हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.) आपल्या भागातील धानाच्या बांधावर मात्र असा कॅमेरा आल्याचे मला आढळले नाही.

गेल्या महिन्यात बिरसीजवळच्या एका गावी गेलो होतो. पंच्याऐंशीच्या पुढच्या एक आजीबाई भेटल्या. त्यांचे वडील धावपट्टीवर मुरूम टाकायला जात. वडिलांचा फोटो आहे का, असे विचारले तेव्हा त्या हसल्या. "फोटो कोन काढते गा गुरुजी? पोटाले नोयतं."

पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या गावातील एका तरी वृद्धाची आठवण लिहून आणावी. जुने पेन्शनचे कागद, पलटणीतून आलेले पत्र, भिंतीवरची पुसट तसबीर, जे सापडेल त्याचे छायाचित्र घ्यावे. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. आजीबाईंचे चित्र मी काढले. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "माह्या बाबाचं नावबी लिवजो खाली." ते मी लिहिले आहे.